मल्लिनाथनं बरोबर सांगितलं होतं

नवरात्र नुकतंच संपलं होतं. शाळेत दुपारच्या सुट्टीत मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते आणि फोन सारखा थरथरत होता. आमच्या दहावीच्या वर्गाचा एक ग्रुप आहे. त्यावर एरवी सकाळच्या शुभेच्छा आणि कुणाच्या तरी नातवाचे फोटो यापलीकडे काही येत नाही, म्हणून मी फोन उलटा करून ठेवला. तासाची घंटा झाल्यावर उचलला तर मल्लिनाथचा फोटो. निळा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, एका गाडीच्या उघड्या बॉनेटला टेकून उभा. फोटोखाली ओळीनं हात जोडलेल्या खुणा. मला आधी वाटलं, त्याचा वाढदिवस असेल... वर सरकवत गेले तेव्हा पहिला निरोप दिसला. सकाळी अकराच्या सुमाराला दुकानात काम करता करता छातीत दुखायला लागलं, लोकांनी दवाखान्यात नेलं, पण त्याच्या आतच सगळं संपलं होतं. त्या दिवशी सातवीचा तास मी घेतला. काय शिकवलं ते मात्र आठवत नाही.

मल्लिनाथ आणि मी मुरुमचे, एकाच गल्लीतले. त्याच्या वडिलांचं बसस्टँडजवळ सायकलींचं दुकान होतं. त्यांच्या घरात कानडी, आमच्या घरात मराठी, आणि गल्लीत दोन्हीची मिसळ. त्याची आई लवकर गेली. त्यानंतर तो बऱ्याचदा आमच्याच ओसरीवर अभ्यासाला असायचा. माझी आई हाक मारायची, "मल्लू, जेवलास का रं?" तो न चुकता "ऊटा आयतु, मावशी" म्हणजे जेवण झालं असं सांगायचा, आणि आई न चुकता त्याच्यापुढं ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवायची. तो ती खायचाही. दहावीनंतर मी डी.एड.ला गेले, तो हैदराबादला फ्रिज आणि एसीचं काम शिकायला गेला. पुढं दोघंही उमरग्याला आलो. मी नोकरीमुळं, आणि त्यानं हायवेला लागून दुकान टाकलं म्हणून. पत्र्याचं शेड, पुढं एक कडुलिंबाचं झाड, आणि पाटीवर एवढंच, कार एसी. शाळेत आम्ही एकमेकांना अरेतुरे करायचो. मी शिक्षिका झाल्यावर तो मला "बाई" आणि "तुम्ही" म्हणायला लागला. आधी थट्टेनं, मग सवयीनं. मी मात्र त्याला "अरे मल्लिनाथ" असंच म्हणत राहिले. यात काही वेगळं आहे असं मला तेव्हा कधी वाटलं नाही... आता वाटतं.

माझी पहिली गाडी त्याच्याकडं नेली तो एप्रिल होता. एसीतून गार हवा येईना. मी म्हणाले, "गॅस संपलाय वाटतं, भरून दे." तो हसला आणि हात पुसत म्हणाला, "बाई, गॅस काय पेट्रोल हाय का जळून संपायला? तो संपत न्हाई, कुठून तरी बाहेर जातो. आधी ते भोक सापडलं पाहिजे. पण त्याच्या आधी मला सांगा, हवा कमी येती का हवा तेवढीच हाय आन गारवा न्हाई?" मला फरकच कळेना. मग त्यानं मला चालकाच्या जागेवर बसवलं, पंखा पूर्ण सोडायला सांगितला आणि समोरच्या जाळीवर हाताची मागची बाजू धरली. हवा भरपूर होती, नुसती कोमट. मग बॉनेट उघडून त्यानं मला दोन पाइपांना हात लावायला सांगितलं. मोठा पाइप गार असला पाहिजे, त्याला घाम फुटला पाहिजे, आणि बारका चटका बसेल असा गरम. माझ्या गाडीचा बारका पाइप तापलेला होता, पण मोठाही फारसा गार नव्हता. शेवटी सापडलं ते अगदी साधं. इंजिनापुढच्या जाळीत तुरीचा भुसा आणि धूळ ठासून बसली होती. राशीच्या दिवसांत मी खेड्यातल्या शाळेच्या रस्त्यानं रोज मळणी यंत्रांच्या शेजारून जात होते. त्यानं पाण्याचा जोर कमी ठेवून, जाळीची पाती न वाकवता, तासभर ती धुतली. "आतली गरमी बाहेर टाकायची जागाच बंद झाली होती, बाई," तो म्हणाला. गाडी सुरू केली आणि तोंडावर गार हवेचा झोत आला.

तो कुणाच्याही गाडीत डोळे झाकून गॅस भरत नसे. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचा, तेलकट डाग शोधायचा, कॉम्प्रेसरचा क्लच "टक्" करून धरतो का ते कान देऊन ऐकायचा. नवरात्रात तुळजापूरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागायची. घाईतली माणसं म्हणायची, नुसता गॅस मारा आणि सोडा. तो म्हणायचा, "मारतो, पण परत येताना गरम हवेत याल." काही जण चिडून पुढच्या दुकानात जायचे. तो त्याच्यावर कधी काही बोलला नाही. उलट पुढच्या दुकानवाल्याला त्याची यंत्रं बिघडली की हाच जाऊन नीट करून द्यायचा.

माझ्या आईला फुप्फुसाचा जुना त्रास. धूळ आणि उष्णता दोन्ही तिला सोसत नाहीत. दर दोन महिन्यांनी तिला मुरुमहून सोलापूरला डॉक्टरांकडं न्यावं लागतं आणि उन्हाळ्यात तो रस्ता म्हणजे परीक्षाच. काचा उघडाव्यात तर मालवाहू गाड्यांची धूळ, लावाव्यात तर कोंडमारा. म्हणून गाडीतली गार हवा ही आमच्यासाठी चैन नव्हती. मल्लिनाथला हे ठाऊक होतं. मार्च लागला की तोच फोन करायचा, "बाई, मावशीला न्यायच्या आधी गाडी दाखवून जावा."

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गाडीनं नवाच खेळ मांडला. निघताना हवा गार असायची. चाळीस-पन्नास मिनिटांनी जाळीतून येणारी हवाच कमी कमी होत जायची आणि शेवटी नुसती फुंकर उरायची, तीही कोमट. कुठं तरी चहाला अर्धा तास थांबलं की परत सगळं पहिल्यासारखं. दुकानात नेली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागायची. मल्लिनाथ म्हणाला, "ही अशी बसल्या जागी सापडायची न्हाई. चला, फिरून येऊ." तो शेजारी बसला आणि आम्ही येणेगूरच्याही पुढं जाऊन परत फिरलो. सगळ्या रस्त्यात तो फार तर चार वाक्यं बोलला असेल. डोळे मिटून जाळीवर हात धरून बसला होता. परतीच्या वाटेवर एकदम म्हणाला, "आता. ऐका... पंख्याचा आवाज तेवढाच हाय, हवा मात्र दबली." गाडी बाजूला घ्यायला लावली, एसी बंद करायला लावला आणि आम्ही एका बाभळीखाली उभे राहिलो. थोड्या वेळानं गाडीच्या खाली पाणी ठिबकायला लागलं. थेंब थेंब नव्हे, चांगलं थारोळं झालं. तो खाली वाकून बघत म्हणाला, "आत बर्फ धरतोय, बाई. डॅशबोर्डच्या मागं जी कॉइल असती, तिच्यावर. लई गार झालं, आता थांब, असं सांगणारा एक बारका सेन्सर असतो. तो मेलाय. त्यामुळं कॉम्प्रेसर थांबतच न्हाई. बर्फ धरला की हवेची वाट बंद. तुम्ही चहा पिता तवर तो वितळतो." डॅशबोर्ड पूर्ण उघडावा लागणार होता, दीड दिवसाचं काम होतं. "कॉम्प्रेसरला कुणाला हात लावू देऊ नका, तो ठणठणीत हाय," हेही त्यानं सांगितलं. पुढच्या आठवड्यात गाडी आणून सोडते, असं मी म्हणाले.

त्याच्या आतच मला प्रशिक्षणासाठी सोलापूरला जावं लागलं. वाटेत पुन्हा तेच. तिथं एका मोठ्या, काचेच्या भिंतींच्या वर्कशॉपमध्ये मी गाडी नेली. खोटं कशाला सांगू, तिथं मला बरं वाटलं. बसायला गार खोली, पाण्याची बाटली, इस्त्रीच्या शर्टातला माणूस, हातात स्क्रीन असलेलं यंत्र. त्यानं पंधरा मिनिटांत निदान केलं. कॉम्प्रेसर गेलाय, बदलावा लागेल. मी म्हणाले, आमच्या उमरग्याच्या मेकॅनिकनं तर तो चांगला आहे म्हणून सांगितलं. तो माणूस जरासा हसला. "मॅडम, यात कुणी तरी चुकीचं तेल घातलंय. त्यानंच गेलाय. गावाकडच्या लोकांकडं द्यायची नसते अशी गाडी."

ते हसू मला लागलं. खरं तर ते मल्लिनाथवर होतं, पण मला ते स्वतःवर वाटलं... मुरुमची बाई, तिचा मुरुमचा मेकॅनिक. मी तिथूनच, त्या माणसासमोर, मल्लिनाथला फोन लावला. त्याचे हात कामात असणार, कारण त्यानं फोन स्पीकरवर टाकला होता. मागं गिऱ्हाइकांचे आवाज येत होते. मला ते ऐकू येत होतं आणि तरीही मी थांबले नाही. "चुकीचं तेल घालून तू माझ्या गाडीचं वाटोळं केलंस, मल्लिनाथ. येत नव्हतं तर सांगायचं. ओळखीचा म्हणून विश्वास ठेवला, हीच माझी चूक झाली." मागचे आवाज गप्प झाले. मला वाटलं तो भांडेल, तेलाचं काही सांगेल, निदान विचारेल तरी. तो म्हणाला, "बरं, बाई." एवढंच. आणि मीच फोन ठेवला.

नवा कॉम्प्रेसर बसला. गावातल्या गावात गाडी झकास चालत होती. आपण केलं ते बरोबर केलं, असं मी तीन आठवडे स्वतःला सांगत होते. मग मे महिन्यात आईला सोलापूरला घेऊन निघाले. नळदुर्ग मागं पडलं आणि जाळीतली हवा दबायला लागली. पंख्याचा आवाज तेवढाच, हवा कमी. त्यानं दाखवलं होतं तसंच, अगदी तसंच. थोड्याच वेळात आईला धाप लागली. मी काचा उघडल्या तर गरम वाऱ्याबरोबर धूळ आत आली आणि तिला खोकल्याची उबळ थांबेना. एका धाब्यावर गाडी घेतली, आईला कूलरपुढं बसवलं, तिचा पंप दिला, ओला टॉवेल मानेवर ठेवला. ती मोठ्या कष्टानं म्हणाली, "मल्लूला फोन लाव की गं. त्याला समजंल काय झालं ते."

मी फोन हातात घेतला. दोन पावलं बाजूला गेले. लावला नाही. परत येऊन म्हणाले, "त्याचा फोन लागत नाही, आई."

ती पाऊण तास तिथं बसून होती. ओठ निळसर झाले होते. मी बाहेर येऊन गाडीकडं बघितलं तर खाली पाण्याचं थारोळं. मला सगळं कळून चुकलं. मल्लिनाथनं बरोबर सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, बाभळीखाली. फोन लावला असता तर तो एवढंच म्हणाला असता की एसी बंद करून थोडा वेळ थांबा, मग मधे मधे बंद करत जावा, म्हणजे बर्फ धरणार नाही. दोन वाक्यांचं काम होतं. ती दोन वाक्यं ऐकायची माझी छाती झाली नाही. आई त्या वेळी सावरली, आम्ही सोलापूरला पोचलो, पण तिला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं.

त्यानंतर मी गाडी लातूरला एकाकडं नेली. त्यानं डॅशबोर्ड उघडला आणि तो सेन्सरच निघाला. उमरग्यात मल्लिनाथच्या दुकानावरून मी रोज शाळेला जात होते. तो कधी बॉनेटमध्ये वाकलेला असायचा, कधी लिंबाखाली चहा पीत उभा. दिसले की हात वर करायचा. सुरुवातीला मी न पाहिल्यासारखं केलं. मग मीही हात वर करायला लागले. गाडी मात्र कधी थांबवली नाही.

मुरुमला एका लग्नात त्याची आणि आईची गाठ पडली. हे मला आईनंच नंतर सांगितलं, अगदी कौतुकानं. तिनं त्याला सगळ्यांदेखत धरलं होतं. "काय रं मल्लू, माझा जीव जायची वेळ आली हुती आन तुझा फोनच लागंना की रं." तो म्हणाला, "व्हय मावशी, त्या दिवशी माझा फोन बंद पडला होता. चुकलंच माझं."

आई हे सांगत होती आणि मी गॅसवरचं दूध बघत उभी होते. त्याच्या फोनवर माझा फोन आलाच नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानं क्षणभरात सगळं ओळखलं आणि माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं, चूकही कबूल केली. मी त्या दिवशीच ठरवलं, जायचं. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन निघालेसुद्धा. दुकानात चार-पाच माणसं होती. चार माणसांसमोर मी त्याला बोलले होते, पण चार माणसांसमोर माफी मागायला मला जमेना. डबा तसाच परत आणला. मग संक्रांतीला जाऊ, मग परीक्षा होऊ देत, मग उन्हाळी सुट्टीत निवांत... अशी दोन वर्षं गेली. तो जायच्या आधी आठेक दिवस पेट्रोल पंपावर दिसला होता. थकलेला वाटला. हात वर केला, मीही केला. मनात आलं, उतरावं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि मी निघून गेले.

त्याच्या मातीला मी मुरुमला गेले होते. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं त्याला बसवून समाधी दिली. मी बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहिले. त्याची बायको महादेवी हिच्याशी बोलायचं धाडस झालं नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी दुकानाचं शटर वर दिसलं आणि मी पहिल्यांदा गाडी थांबवली. आत महादेवी एकटी, मांडणीवरचे डबे खाली काढत होती. दुकान पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्यायचं ठरलं होतं. तिनं मला बघितलं आणि खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. सोलापूरचा फोन, धाबा, आईला मारलेली थाप, फराळाचा डबा, सगळं. ती हातातला डबा तसाच धरून ऐकत होती.

"मला ठाऊक हाय, ताई," ती म्हणाली. "तुमचा तो फोन आला त्या दिवशी ते जेवले न्हाईत. मीच चिडले होते. ते म्हणले, होगली बिडु, जाऊ दे, बाईंना कुणी तरी चुकीचं सांगितलंय, कळल्यावर येतील. मी म्हणत होते, न्हाई यायच्या. वरसभर आमचं त्याच्यावरनं चाललं होतं." तिनं डबा खाली ठेवला. मला वाटलं, आता ती म्हणेल की झालं गेलं विसरा. ती तसं म्हणाली नाही. "तुम्ही आलात, पण हे ऐकायला ते पाहिजे होते. मी ऐकून काय करू?"

मी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

मी निघाले तेव्हा तिनं थांबवलं. मांडणीच्या तळच्या खणातून एक प्लॅस्टिकची पुडी काढली. आत बारीक वायर जोडलेला, करंगळीच्या पेराएवढा तो सेन्सर होता. पुडीवर कागद चिकटवलेला आणि त्यावर मल्लिनाथच्या गोल, कानडी वळणाच्या अक्षरात लिहिलेलं, "बाईंची गाडी." महादेवी म्हणाली, "हैदराबादहून बसनं मागवला होता. तुमच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी आला. परत पाठवा म्हणलं तर न्हाई पाठवला. घेऊन जावा, इथं आता नवीन माणूस येईल."

त्या दुपारी मी मुरुमला आईकडं गेले आणि तिलाही सगळं सांगितलं. ती खाटेवर बसली होती. ती पुडी तिनं हातात घेतली, उजेडाकडं धरून अक्षर वाचायचा प्रयत्न केला, मग मला वाचायला लावलं. मी वाचलं. बराच वेळ ती पुडीवरून अंगठा फिरवत राहिली.

"म्हंजी माझ्या त्या लेकराला तू माझ्यासंगं खोटं बोलाय लावलंस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मग उठली, आपली पत्र्याची पेटी उघडली, औषधांच्या चिठ्ठ्यांच्या खाली ती पुडी ठेवली आणि झाकण लावलं. मी मागितली नाही.